पाल न पडलेलं उखळ

मी उखळ बोलतोय. हो, तेच, ज्यात पाल पडली होती असं सगळीकडे पसरलं होतं. पाल पडली नव्हती. एवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल आणि बाकीचं नीट सांगता येईल.

मी कुमासी शहरात राहतो, सुआमेच्या गॅरेजांच्या दाटीत. आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे लोखंड. उघडी पडलेली इंजिनं, दारं काढलेल्या गाड्या, तेलाने काळी झालेली जमीन. त्यात मी एकटा लाकडाचा. पोकुआच्या खानावळीत, चुलीच्या उजव्या अंगाला, पत्र्याच्या सावलीत माझी जागा आहे.

एका जुन्या झाडाच्या बुंध्यातून मी निघालो. झाड कोणतं होतं ते मला आठवत नाही. माणसाला तरी पाळण्यातलं कुठे आठवतं? आठवतो तो माझा कारागीर. तासणीने मला पोखरताना तो सारखी शीळ घालायचा. शीळ थांबली की समजायचं, लाकडात गाठ लागली. मग तो गाठीला दोन शिव्या हासडायचा आणि पुन्हा शीळ सुरू. त्याने मला परातीसारखं रुंद आणि उथळ केलं, कारण माझ्यात भात कांडायचा नव्हता. उकडलेला कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, आणि कच्ची केळी माझ्यात टाकायची, कुटायची, कुटता कुटता उलटायची, की त्यांचा मऊ, तुकतुकीत गोळा होतो. तो फुफू. गरम रश्श्यात सोडायचा आणि हाताने तोडून, न चावता गिळायचा. सुआमेतल्या माणसाला दुपारी फुफू मिळाला नाही तर बाकी काहीही खाऊन तो जेवलोच नाही म्हणतो.

पोकुआ मला घ्यायला आली तेव्हा तिशीत होती. दुसऱ्यांच्या खानावळीत भांडी घासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मडकं वाजवून बघतात तसं तिने मला बोटाच्या पेराने वाजवून बघितलं.

कारागीर म्हणाला, "बाई, हे फार मोठं आहे. घरापुरतं हवं असेल तर ते पलीकडचं घे."

"घरापुरतं नकोच," पोकुआ म्हणाली. "मला रस्त्यापुरतं हवंय."

अशी तिने सुआमेत खानावळ टाकली. गिऱ्हाइकं तिला 'मामे' म्हणायला लागली, म्हणजे आईच. कुटायला तिने फोसूला ठेवलं. फोसू म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा गडी, आणि त्याचं मुसळ त्याच्याहून उंच. पोकुआ माझ्याजवळ बुटक्या स्टुलावर बसायची. मुसळ वर गेलं की तिचा हात माझ्यात, गोळा उलटायचा, आणि मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. एवढ्यात तिचं रश्श्याकडे लक्ष असायचं, गिऱ्हाइकांशी बोलणं चालू असायचं आणि फोसूची थट्टाही.

"काय रे, आज मुसळ उचलतोयस की काडेपेटीतली काडी?"

"मामे, बोटं मोजून ठेव. संध्याकाळी कमी भरली तर मला विचारू नकोस."

एखाद्याची भरभराट झाली की त्याचं उखळ पांढरं झालं म्हणतात. माझं तर रोज दुपारी खरोखरच पांढरं व्हायचं, आणि पोकुआचंही बरं चाललं होतं.

गिऱ्हाइकांत तिघं जुनी. एक, समोरच्या बाजूला शिवणकाम करणारी बोआतेमा. केस पिकलेले, जीभ तिच्या कात्रीसारखी. वयाचा मान म्हणून सगळे तिला 'एनो', म्हणजे आजी, म्हणत. ती झाकणाचं स्वतःचं भांडं घेऊन यायची, भरून घ्यायची आणि दुकानात नेऊन जेवायची. दुसरा अंत्वी, इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांचा मुख्य, म्हणून मास्टर. तो आपली सगळी टोळी घेऊन यायचा. तिसरी कोनाडू, कापड विकणारी. दर शनिवारी घरी जाताना ती तिच्या आणि तिच्या मुलीच्या, सेरवाच्या, वाट्याचं जेवण बांधून न्यायची.

माणसांची एक गंमत मी इतक्या वर्षांत पाहिली. जेवण आवडलं की माणूस मुकाट्याने उठतो, हात धुतो आणि चालू लागतो. मीठ जरा जास्त पडलं तर मात्र सगळ्या गल्लीला कळतं. पोकुआला त्याचं काही वाटत नसे. "उद्या परत येतात ना? तेच त्यांचं बोलणं," असं ती म्हणायची.

आणि मग एका सोमवारी कुणी आलंच नाही.

रस्सा शेंगदाण्याचा होता, पोकुआच्या हातचा तो रस्सा म्हणजे वास रस्ताभर जायचा. मी भरलेला, मुसळ तयार, बाक रिकामे. अंत्वी आपल्या टोळीसह समोरून गेला, लांबूनच हात केला आणि पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. रश्श्यावर साय धरली तेव्हा पोकुआने फोसूला बघायला पाठवलं.

तो परत आला तो पाय ओढत.

"मामे, सांगू का?"

"सांगायलाच पाठवलं होतं ना तुला?"

"लोक म्हणतायत, आपल्या उखळात पाल पडली होती."

पोकुआ आधी हसली. "कुठली पाल?"

फोसूने मोबाईल पुढे केला. त्यात कोनाडूचा आवाज होता. चर्चच्या बायकांसाठी तिने तो निरोप रेकॉर्ड केला होता, आणि तिथून तो सगळ्या सुआमेत फिरला होता.

"मी कुणाचं नाव खराब करत नाही हं," कोनाडू त्यात म्हणत होती. "पण माझी सेरवा सकाळपासून उलट्या करतेय, आणि काल आम्ही जेवण आणलं होतं पोकुआकडून. तिचं ते उखळ उघडंच असतं. एखादी पालबिल पडली असेल, कोण बघायला जातंय? जपा गं बायांनो."

पडली असेल, असं म्हणाली होती ती. पुढच्या गल्लीत पोचेपर्यंत 'असेल' गळून पडलं आणि पाल तेवढी राहिली. त्याच्या पुढच्या गल्लीत पालीच्या दोन पाली झाल्या. सुट्या भागांच्या दुकानांत तर असं सांगत होते की फोसूने ती शेपटीला धरून बाहेर फेकली आणि तसंच पुढे कुटायला लागला.

फोसूला तेच जास्त लागलं. "मामे, मी पालीला हात तरी लावीन का? भिंतीवर दिसली तरी मी दुसऱ्या दाराने जातो!"

पोकुआ उठली. कोनाडूकडे जायला तिने डोक्याला रुमालही बांधला. मग दारातच थांबली. "गेले तर म्हणतील, भांडायला आली. नाही गेले तर म्हणतील, खरंच असणार." तिने रुमाल सोडला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

तिने मला घासायला घेतलं. गरम पाणी, राख, लिंबू. मी स्वच्छच होतो, निघणार काय? तरी घासलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी अंगाची साल निघेल की काय असं मला वाटायला लागलं. मला दुखत होतं, पण मी सोसलं. तिला काहीतरी करायलाच हवं होतं, आणि दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

केलेलं अन्न ती फुकट द्यायला निघाली, तर लोक "आत्ताच जेवलो, मामे" म्हणायचे. उपाशी दिसणारेसुद्धा.

शेवटी तिने फोसूला जवळ बोलावलं. "तू दुसरीकडे काम बघ."

"मी कुठे पगार मागितला?"

"तू नाही मागितलास. तुझी पोरं मागतील. जा."

त्याला सुट्या भागांची हातगाडी ओढायचं काम मिळालं. जाण्याआधी त्याने मुसळ भिंतीला टेकवलं आणि आत धूळ जाऊ नये म्हणून मला उपडं घातलं. उपड्या उखळाला काय दिसणार? मला फक्त ऐकू यायचं. माझ्यासारख्याला रोज पाणी लागतं, ओल लागते. ती थांबली की लाकूड आक्रसतं. एका दुपारी माझ्या काठाशी बारीक आवाज झाला, आणि मला कळलं, मी तडकलो.

त्याच दिवसांत जागेचा मालक येऊन गेला. इकडतिकडच्या गोष्टी करून म्हणाला, "पोकुआ, एक जण गिअरबॉक्स ठेवायला जागा शोधतोय. महिनाअखेरीला मला सांग."

मी वाट बघत होतो की ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "बघते."

त्या शब्दाने मी जेवढा घाबरलो तेवढा तासणीलाही घाबरलो नव्हतो. उखळ निकामी झालं की त्याचं काय होतं मला माहीत आहे. कोंबड्यांना पाणी ठेवतात, नाहीतर बसायला घेतात, नाहीतर चुलीत घालतात.

बोआतेमा एवढे दिवस बहिणीच्या गावी होती, कुणाच्या तरी मयताला. परत आली त्याच दुपारी ती आपलं भांडं घेऊन आत शिरली. तिच्या चपलांचा आवाज मी ओळखतो. इकडचं तिकडचं न बोलता तिने विचारलं,

"पोकुआ, पाल पडली होती का उखळात?"

चुलीपाशी डाव खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बोल की. बाहेरच्यांच्या तोंडून ऐकलंय. आता तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"नाही, एनो."

"नक्की?"

"हात घालून मी स्वतः फिरवते. पाल असती तर आधी माझ्या हाताला लागली असती."

"झालं तर मग. वाढ."

मला उपड्यालाही ऐकू आलं, पोकुआ रडायला लागली होती. "एवढ्या दिवसांत मला कुणी विचारलंच नाही, एनो. सगळ्यांना माहीतच होतं."

बोआतेमाने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "भूक लागलीय मला."

"आज काही कुटलेलं नाही."

"मग कुट. मी थांबते."

"एका माणसासाठी?"

"का, मी काय माणूस नाही?"

पोकुआने मला सुलटं केलं. किती दिवसांनी उजेड दिसला! तिने माझ्यावर पाणी ओतलं, ते मी अधाशासारखं प्यायलो. एकटीने, आखूड मुसळाने, थांबत थांबत तिने थोडासा फुफू केला आणि सवयीने बोआतेमाचं भांडं घ्यायला हात पुढे केला.

"भांडं राहू दे," बोआतेमा म्हणाली. "आज मी इथेच जेवणार."

तिने बाक ओढत ओढत पुढे नेला, अगदी रस्त्याच्या कडेला, आणि लोकांकडे तोंड करून बसली. हात धुतले. घास घेतला. इतकं सावकाश जेवताना मी कुणाला पाहिलं नाही. येणारे-जाणारे थबकत.

"अगं बाई, एनो! तुम्ही इथे?"

"हो. तुला भूक नाही का?"

त्या दिवशी कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी बोआतेमा परत आली, परत तिथेच बसली. शिवायला कापड घेऊन आलेल्या बायकांची मापंही तिने त्याच बाकापाशी घ्यायला सुरुवात केली. "दंड वर कर. हं. आणि तो रस्सा बघ, कसा दाट आलाय." एकीने भीत भीत चव घेतली. मग पूर्ण ताट घेतलं.

असंच एकदा अंत्वी समोरून जात होता. तो रस्त्यातच उभा राहिला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "मामे, आमच्या प्रार्थनेत तू असतेस हं! आम्ही सगळे तुझ्या पाठीशी!"

"पाठीशी कशाला? समोर बस की," बोआतेमा घास न थांबवता म्हणाली. "बाक रिकामा आहे."

"तसं नाही, एनो. हल्ली माझं पोट जरा..."

"रोज त्या वळणापलीकडे जाऊन जेवून येतोस, ते कुणाचं पोट?" तिने बोट चाटलं. "अरे, प्रार्थना देवाला पुरेल. तिच्या चुलीला लाकडं लागतात."

अंत्वीने तेलकट हाताने डोकं खाजवलं. डोक्यावर काळा पट्टा उमटला. तो आत आला, पण बसण्याआधी हळूच माझ्यात डोकावला. पोकुआने ते बघितलं. तो ओशाळला.

"बघ ना, नीट बघ," पोकुआ म्हणाली. "लाजतोस कशाला? सगळ्यांनी असं येऊन बघितलं असतं तर किती बरं झालं असतं."

त्याने खरंच खाली वाकून बघितलं. हातही फिरवला. मग बसला, जेवला आणि परत वाढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टोळी घेऊन आला, आणि टोळी मागच्या अंधाऱ्या बाकावर निघाली तशी त्यांना हटकलं, "तिकडे नाही. पुढे बसा. लोकांना दिसलं पाहिजे."

एवढं झालं तरी खानावळ सावरली असं म्हणता येत नव्हतं. एखाददुसरी सोडली तर बायका येत नव्हत्या, आणि बायका आल्याशिवाय घरी न्यायचं जेवण खपत नाही. त्यांच्या मोबाईलमध्ये अजून कोनाडूचा आवाज होता.

एके सकाळी बोआतेमा कोनाडूलाच घेऊन आली. घेऊन म्हणजे कोपराला धरून. कोनाडूची नजर जमिनीवर.

"मी हिच्याकडे अस्तर घ्यायला गेले होते," बोआतेमा म्हणाली. "सहज विचारलं, सेरवाला काय झालं होतं गं? तर हिची जीभच वळेना. म्हटलं, तूही तेच जेवली होतीस ना त्या शनिवारी? मग तुझं पोट काय लोखंडाचं? सांग आता हिला, मला सांगितलंस ते."

कोनाडूचा आवाज मोबाईलमधल्यापेक्षा फार लहान होता. "त्या शनिवारी सेरवाच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. केकवरची मलई नासली होती. ज्यांनी ज्यांनी खाल्ला त्या सगळ्या मुली आजारी पडल्या. मला कळलं ते नंतर, बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?" पोकुआने विचारलं.

"त्याच आठवड्यातल्या."

पोकुआने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"आणि तू गप्प राहिलीस."

"लाज वाटली गं. वाटलं, लोक विसरून जातील."

"विसरले ना," पोकुआ म्हणाली. "मला विसरले."

कोनाडू रडायला लागली. "पोर डोळे फिरवत होती, पोकुआ. मला काही सुचत नव्हतं. कुणावर तरी राग काढायला हवा होता. आता तू म्हणशील ते करते. सांग."

मला वाटलं, पोकुआ तिला हाकलून देईल. मी तिच्या जागी असतो तर दिलं असतं. पण तिने स्टूल पुढे सरकवलं. "बस. ज्या तोंडाने पहिलं सांगितलंस त्याच तोंडाने आता खरं सांग. त्याच बायकांना. इथे बसून."

कोनाडूने डोळे पुसले, मोबाईल तोंडाशी धरला. "बायांनो, माझा थोडा गैरसमज झाला असेल..."

"थांब!" बोआतेमा ओरडली. "असेल नको. मागच्या वेळी त्या 'असेल'नेच घात केला. आणि पोकुआ, तू मुसळ उचल. मागे कुटल्याचा आवाज येऊ दे. चूल चालू आहे हे कळलं पाहिजे."

पोकुआने कसावा टाकला आणि आखूड मुसळाने घाव घातला. मी आजवर दिला नव्हता एवढा मोठा आवाज दिला.

"मी कोनाडू बोलतेय. सेरवा पोकुआच्या जेवणाने आजारी पडली नव्हती. मी न विचारता बोलले, माझी चूक झाली. पाल कुणीही पाहिली नव्हती, मीही नाही. आत्ता मी तिच्याच खानावळीत बसलेय, तुम्हाला आवाज येतोय तो त्याच उखळाचा आहे, आणि मी जेवून जाणार आहे."

निरोप गेला. पोकुआने ताट वाढलं. मांसाचा तुकडा तिने लहान दिला नाही, हे मी पाहिलं.

आता हे सांगायला मला आवडत नाही, पण पहिला निरोप जेवढा फिरला तेवढा दुसरा फिरला नाही. वाईट बातमी पुढे पाठवायला लोकांचा अंगठा आपोआप हलतो. चांगली ऐकतात आणि मोबाईल खिशात ठेवतात. उरलेलं काम माणसांना तोंडाने आणि पायांनी करावं लागलं. गाडीचं काम लांबलं की अंत्वी मालकाला म्हणायचा, "वेळ लागेल साहेब, इथे धूर खात बसू नका, मामेकडे जेवून या." कोनाडू दुकानात कापड फाडता फाडता प्रत्येकीला स्वतःची चूक सांगायची. किती वेळा सांगितली असेल! एक जण होता, नेहमी "अजून एक तुकडा टाक, मामे" म्हणून हटून बसणारा. त्या दिवसांत तो वाढलं तेवढं खाऊन मुकाट्याने जायचा. मी तर म्हणेन, त्यानेही हातभारच लावला.

मग कोनाडूने चर्चच्या बायकांसाठी शनिवारचं जेवण सांगितलं. आयत्या वेळी नाही, चांगलं आधी, म्हणजे पोकुआला बाजारातून कसावा निवडून आणता यावा. शनिवारी त्या आल्या. सेरवाही आली, केसांत पिवळी फीत बांधून. अंत्वीची टोळी आधीच बसलेली. बाक कमी पडले, गाडीची काढलेली सीट आणून लोक तिच्यावर बसले. आणि कुटायला माणूस नाही! फोसूला निरोप गेला होता, पण तो हातगाडी घेऊन कुठल्या गल्लीत होता कुणास ठाऊक.

अंत्वीने बाह्या सरसावल्या. "द्या इकडे ते मुसळ. इंजिन उचलतो मी, हे काय!"

इंजिन उचलणं वेगळं. पहिलाच घाव माझ्या काठावर बसला आणि कसावा उडून त्याच्या छातीवर.

"मामे, हात काढ! हात काढ!"

"तू मुसळाकडे बघ. माझ्या हाताकडे मी बघते."

"मला भीती वाटतेय!"

"मलाही वाटतेय, पण हे लोक उपाशी आहेत. मार!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. जेवण उशिरा मिळणार हे उघड होतं, तरी एकही उठली नाही. दोघी पाणी भरायला लागल्या, एकीने वाडगे मांडले. तेवढ्यात रस्त्यावर हातगाडी दाणकन आपटल्याचा आवाज आला आणि फोसू धावत आत शिरला.

"मास्टर, खाली ठेवा! मुसळ आहे ते, पाना नाही!"

त्याने मुसळ हातात घेतलं. वर गेलं, खाली आलं. पोकुआचा हात आत, बाहेर. तो ठेका माझ्या अंगात पुन्हा घुमला तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. मोकळं वाटलं, एवढंच म्हणतो.

पहिलं ताट पोकुआने सेरवासमोर ठेवलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मुलीने घास तोडला, रश्श्यात बुडवला, गिळला. मग उठली, माझ्याजवळ आली, काठाला दोन्ही हात टेकून आत वाकली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"पाल कुठे आहे?"

कोनाडूने डोळे मिटून घेतले.

पोकुआ म्हणाली, "आली होती बाळ, आज. पण बघ ना, बाकावर एवढी गर्दी. तिला बसायला जागाच मिळाली नाही."

आणि ती हसली. आधी हळू, मग पोट धरून. तिचं बघून कोनाडू हसली, हसता हसता रडली, आणि पोकुआने तिच्या पाठीवर थाप मारली, फुफूचा हात तसाच. कोनाडूच्या नव्या कापडावर पाच पांढरी बोटं उमटली. तिने ती पुसली नाहीत.

जागेचा मालक महिनाअखेरीला आला. पोकुआ म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "बरं, मग मला वाढ." बसला जेवायला.

आता मी म्हातारा झालोय. काठाशी तडा आहे, तो भरत नाही, पण वाढतही नाही, कारण मी रोज ओला असतो. मधला भाग झिजून खोल झालाय. पोकुआ कधीकधी म्हणते, एक दिवस नवं उखळ आणावं लागेल. आणू दे. तेव्हा जे होईल ते होईल. उपडा पडून संपलो नाही, यातच मला समाधान आहे.

तुमची माझी गाठ बहुधा पडणार नाही. पण तुमच्याही रस्त्यावर कुणीतरी आपल्या हिमतीवर एखादी चूल, एखादं शिलाई मशीन, एखादं लहान दुकान चालवत असेल. तिच्यासाठी फार मोठं काही करावं लागत नाही. आवडलं तर चार लोकांना सांगा, नाही आवडलं तर तिला सांगा. पंगत बसवायची असेल तर तिला चांगलं आधी कळवा. आणि तिच्याबद्दल काही वेडंवाकडं कानावर आलं, तर पुढे पाठवण्याआधी तिच्या दारात जाऊन विचारा. उत्तर द्यायला ती तिथेच बसलेली असते.

बरं, कसावा शिजलाय. पोकुआ पातेलं घेऊन माझ्याकडेच येतेय. तोंड भरल्यावर मला बोलता येत नाही. जेवायची वेळ झाली.